मामांचं राहतं संग्रहालय

स्वतःच्याच घरात तिकीट फाडून आत जाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरच्या गोतावळ्यात निघाला. हे माझ्या बायकोचे सख्खे आणि एकुलते एक मामा. तिकिटाला किंमत नव्हती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मारलेला नुसता रबरी शिक्का होता. पण तिकिटाशिवाय मामा स्वतःलाही सोडत नसत. कारखान्यातून आले की दाराशी टांगलेल्या पिशवीतून एक तिकीट काढायचं, त्याचा कोपरा फाडायचा आणि मगच चपला काढायच्या. अशा घरचा जावई होणं म्हणजे काय, ते साधी सासुरवाडी मिळालेल्यांना कळायचं नाही. मी राहायचो घाटकोपरला आणि मामा मुलुंडला. अंतर तसं फार नाही, पण मामांच्या हिशेबी घाटकोपर म्हणजे शहर आणि मुलुंड म्हणजे माणसानं हिंमत करून वसवलेला मुलूख. त्यामुळे रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की ते मला आपादमस्तक न्याहाळायचे आणि 'वाटेत त्रास नाही ना झाला?' असं मनापासून विचारायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मामांनी गिरगावातलं बिऱ्हाड मोडलं आणि नवीकोरी बायको व एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते मुलुंडला डोंगराच्या बाजूला राहायला आले. तिथं तेव्हा वीज नव्हती, नळ नव्हता, रस्ता नव्हता. विहीर होती, साप होते आणि भाताची शेतं होती. गिरगावच्याच काही मंडळींनी मिळून तिथं जोडघरांची छोटीशी वसाहत बांधली होती. त्यांतले बरेचसे लोक पावसाळा-दोन पावसाळ्यांत कंटाळून परत गेले, मामा मात्र ठाण मांडून राहिले. इथवर कौतुकच आहे. पण पुढे मुलुंडला वीज आली, नळ आला, डांबर आलं, केस कापायची तीन दुकानं आली, तरी मामांचं मन त्या पहिल्या दोन-चार वर्षांतून बाहेर यायला तयार नव्हतं. त्यांचं कुठलंही वाक्य 'तेव्हा इथं' या दोन शब्दांनी सुरू व्हायचं. डॉक्टरांनी कुठं दुखतंय म्हणून विचारलं तर तेव्हा इथं डॉक्टरच कसा नव्हता ते सांगत, आणि डॉक्टरांना आपल्याच दवाखान्यात चोरून शिरल्यासारखं होई. जी वस्तू आज नाही तिच्यावरून पत्ता सांगायची त्यांची रीत होती. स्टेशनातून बाहेर पडलात की बोरीचं झाड होतं तिथं डावीकडे वळायचं आणि म्हशींचं डबकं होतं ते ओलांडायचं. माझा एक मित्र या पत्त्यावर विश्वास ठेवून निघाला आणि दुपार कलल्यावर भांडुपला पोचला. मामांना फार वाईट वाटलं. पण चूक त्यांनी पत्त्याची मानली नाही, डबकं बुजवणाऱ्यांची मानली.

सापांसाठी त्यांच्याजवळ एक काठी होती. दोन्हीकडे दुकानं आणि मधे डांबरी रस्ता, अशा ठिकाणीसुद्धा मामा ती आपटत चालायचे, आपण येतोय ते सापांना आधी कळावं म्हणून. साप केव्हाच डोंगरात निघून गेले होते. कळायचं ते दुकानदारांना, आणि त्यांतले घाईत असलेले चटकन आत सरकायचे. थाळीचं प्रकरण तर याच्याही वरचं होतं. पूर्वी म्हणे वसाहतीत असा रिवाज होता की कामावरून अंधारात कंदील घेऊन येणारा माणूस सुखरूप घरी पोचला की त्यानं दारात एकदा थाळी वाजवायची. ती ऐकली की शेजारपाजारचे लोक निर्धास्तपणे आपापल्या दारांना कड्या घालायचे. रिवाज फार चांगला, मला आजही तो आठवला की बरं वाटतं. फक्त मामांनी तो सत्तर साल उलटलं तरी चालू ठेवला होता. लख्ख उजेडात, हातात भाजीची पिशवी असताना ते फाटकाशी यायचे आणि थाळीवर एक सणसणीत टोला हाणायचे. नवे भाडेकरू सुरुवातीला ग्रहण लागलं समजून बाहेर धावले. नंतर त्यांना सवय झाली आणि त्या टोल्यावर ते भाताचा कुकर चढवू लागले.

एवढ्यावर भागलं असतं तर मामा नुसते विक्षिप्त म्हणून राहिले असते. पण त्यांच्या कारखान्यानं त्यांना कुठल्याशा यंत्राचं काम शिकायला सहा महिने अमेरिकेला पाठवलं. आपल्याला चित्रात दिसते ती उंच इमारतींची अमेरिका नव्हे. जिकडे बघावं तिकडे गहू आणि गवत, नजर पोचेल तिथवर सपाट, असा तो मुलूख. त्या माळरानाला तिकडे प्रेअरी म्हणतात. अमेरिकेला गेलेली माणसं येताना ट्रान्झिस्टर आणतात, नायलॉनच्या साड्या आणतात. मामा येताना एक हकीकत घेऊन आले आणि तिनं आमच्या सगळ्यांच्या रविवारांची वाट लावली.

झालं असं की मामांच्या तिथल्या घरमालकांनी त्यांना एका सुट्टीच्या दिवशी एक संग्रहालय दाखवायला नेलं. ते माळरान ज्यांनी पहिल्यांदा वसवलं त्या लोकांचं शंभर वर्षांपूर्वीचं गाव तिथं जसंच्या तसं मांडून ठेवलेलं होतं. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची घरं, आणि आत जुन्या वेषातली जितीजागती माणसं. कोणी घोड्याचे नाल ठोकतंय, कोणी लोणी काढतंय, आणि काहीही विचारा, आपण शंभर वर्षांपूर्वीचेच असल्यासारखी उत्तरं देतंय. हे नाटक आहे हे मामांना सांगायचं राहून गेलं. एका घरात झालरीची टोपी घातलेली बाई चुलीपाशी पीठ मळत होती. मामांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, काय, बरं आहे ना, म्हणून चौकशी केली. बाई म्हणाली, बरं कसलं, नवरा गावात पीठमीठ आणायला गेलाय, चार दिवस झाले, पत्ता नाही, आणि आता बर्फ पडायची लक्षणं आहेत. मामांचा जीव खालीवर झाला. ते तिथंच बाकावर बसले. घरमालक लोहार बघायला चला म्हणाले, पाणचक्की बघायला चला म्हणाले. मामा म्हणाले, बाईमाणसाला असं एकटं टाकून मी येणार नाही. ते अख्खी दुपार तिच्याजवळ बसून राहिले, खिशातली सुपारीही त्यांनी तिला देऊ केली. पाच वाजता घंटा झाली. बाईनं टोपी काढली, हात धुतले, सिगारेट शिलगावली, मामांना 'येते हं' म्हणाली आणि निळ्या मोटारीत बसून निघून गेली. हा किस्सा ऐकताना आम्ही हसून लोळायचो. मामा हसायचे नाहीत. आपण चार तास तिच्याजवळ बसलो होतो, एवढंच म्हणायचे.

आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की असंच एक राहतं संग्रहालय मुलुंडला झालं पाहिजे, आणि ते आपल्याच घरात झालं पाहिजे, कारण वसाहतीतलं जसंच्या तसं उरलेलं घर हेच. फाटकावर पाटी लागली, 'मुलुंडचे पहिले रहिवासी'. दुसऱ्याच दिवशी भांडुपकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीनं पाटीवर काय लिहिलंय म्हणून विचारलं. मामांनी अभिमानानं वाचून दाखवलं. तिनं डोक्यावरची मासळीची टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "मंग आमी काय झारावर व्हतो?" मामा प्रामाणिक माणूस. त्यांनी पेंटरला बोलावून 'कोळी, आगरी व डोंगरातील आदिवासी यांच्यानंतरचे' अशी भर घातली. मग नाक्यावरचे कच्छी दुकानदार आले. तुम्ही ट्रंक घेऊन आलात त्या संध्याकाळी कंदिलात घालायला रॉकेल कुणाच्या दुकानातून नेलंत, असं त्यांनी गोडीत विचारलं. त्यांच्या वडिलांचीही पाटीवर सोय झाली. असं करता करता पाटी फाटकाएवढी लांब झाली, आणि ती शेवटपर्यंत वाचणाऱ्याची अशी खात्री पटू लागली की मुलुंडला सगळ्यांत शेवटी जर कोणी आलं असेल तर ते मामा.

संग्रहालय रविवारी दुपारनंतर उघडायचं. त्या दिवशी दिवे लावायचे नाहीत. नळाच्या तोंडाला गोणपाट बांधलेलं. मामा धोतर, काळी टोपी आणि काठी अशा वेषात फाटकाशी उभे. माझ्या बायकोनं घागर घेऊन विहिरीवर जायचं आणि रहाट कुरकुरत नसेल तर तोंडानं आवाज करायचा. मला त्यांनी मुंडासं बांधायला लावून वसाहतीतल्या एका कारकुनाची भूमिका दिली. हा कारकून एका संध्याकाळी स्टेशनवरून येत असताना त्याला पेरूच्या झाडाखाली बिबळ्या दिसला आणि तो घरापर्यंत ओरडत पळाला, ही वसाहतीच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना. पाहुणे आले की मामा काठी उंच करायचे आणि मी पेरूपासून ओसरीपर्यंत 'वाघ, वाघ' करत धावायचो. मी एका इंग्रजी कंपनीत हेडक्लार्क होतो, दोन टायपिस्ट माझ्या हाताखाली होते. त्यांतला एक सहकुटुंब संग्रहालय बघायला आला त्या दिवशी मी फार जोरात धावलो, निदान चेहरा ओळखू येऊ नये म्हणून.

आणि या सगळ्याच्या मधोमध मामी. मामी म्हणजे अबोल, सोशीक वगैरे म्हणतात तशी बाई नव्हे. त्या चांगल्या मिस्कील होत्या, पण बोलायची घाई नसलेल्या. त्यांचं सगळं माहेर गिरगावात एका मजल्यावर नांदत होतं. तिथून त्यांना या रानात आणलं. पहिली कितीतरी वर्षं त्यांनी चुलीवर काढली, मग शेगडी, मग भर्र करणारा स्टोव्ह. गॅससाठी नाव घालून वाट बघून बघून शेवटी नंबर लागला तो नेमका मामा अमेरिकेहून परतले त्याच महिन्यात. मामा म्हणाले, संग्रहालयात गॅस कसा चालेल, अमेरिकेतली ती बाई काय गॅसवर पाव भाजत होती? नंबर पुढच्या माणसाला देऊन टाका. त्यांनी मागच्या पडवीत पुन्हा चूल घातली आणि मामींना नऊवारी नेसून तिच्यापाशी बसायला सांगितलं. मामी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना पटलं, असा मामांचा लग्नापासूनचा समज होता.

अमेरिकेतल्या संग्रहालयात आणि मामांच्या संग्रहालयात एक मोठा फरक होता. तिकडे त्या बाईनं मळलेल्या पिठाचा पाव कुणाला खायला घातला नाही. इकडे घरी आलेला माणूस चहा न घेता जाणं शक्य नव्हतं, मग तो तिकीट काढून आलेला का असेना. आणि चुलीवर वीस माणसांचा चहा करायचा म्हणजे पाहुणे इतिहास बघून, घरी जाऊन, जेवून झोपले तरी आधण यायचं नाही. मामींनी त्यावर मार्ग काढला. जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात एका वकिलांचं बिऱ्हाड होतं. दोन्हीकडच्या मागच्या पडव्यांच्या मधल्या भिंतीत एक हातभर खिडकी होती. काड्यापेटी महाग आणि दुकान लांब, अशा त्या पहिल्या दिवसांत एकमेकींना विस्तव द्यायला ती ठेवलेली. मामा कारखान्यात असताना गॅसवाला आला आणि मामींचा गॅस वकीलीणबाईंच्या ओट्यावर बसला. रविवारी मामी चुलीपाशी फुंकणी घेऊन बसत, वकीलीणबाई पलीकडे गॅसवर चहा उकळत, आणि मामा पाहुण्यांना विहीर दाखवायला घेऊन गेले की खिडकीतून किटली अलीकडे येई. मामा परत येऊन प्रत्येकाच्या हातात कप देत आणि चुलीवरच्या चहाला धुराचा कसा मंद वास येतो ते समजावून सांगत. पाहुणे डोळे मिटून वास घेत आणि हो हो म्हणत. एका निवृत्त न्यायाधीशांना तर त्यात आंब्याचं लाकूड ओळखू आलं. ही गोष्ट वसाहतीत मामा सोडून सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीही फुटलं नाही.

मग मामांची निवृत्ती जवळ आली. त्यांनी ठरवलं की दसऱ्यापासून संग्रहालय रोज, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. स्टोव्ह विकायचा, घरातलं जेवणखाणही चुलीवरच. मामा दिवसभर घरात असणार म्हटल्यावर खिडकीचा उद्योग बंद. मामींनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. माझ्या बायकोजवळ त्या म्हणाल्या की चार तास गंमत म्हणून बसते मी, पण आता परत रोज त्या धुरात बसायचं बळ माझ्यात नाही गं. त्यांना खोकला होताच, डोळ्यांतूनही पाणी यायचं. बायको मला म्हणाली, तुम्ही जावई आहात, तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा. मी मामांना सांगायला म्हणून दोनदा गेलो. दोन्ही वेळा मामांनी मला पाहून काठी उंच केली आणि मी पेरूपासून ओसरीपर्यंत धावून परत आलो.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी घाटकोपरचं एक महिला मंडळ यायचं होतं. बायका आल्या, ओसरी भरली, अंगण भरलं. आणि मामांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विहीर वगळली आणि सगळ्यांना थेट मागच्या पडवीत आणून बसवलं. आज आपण चूल पेटवण्यापासून चहा होईपर्यंत सगळं डोळ्यांसमोर बघू, असं त्यांनी जाहीर केलं. मामींनी माझ्या बायकोकडे बघितलं. पण वकीलीणबाईंना निरोप द्यायला जायला वाट कुठून, सगळीकडे बायका. मामी चुलीपाशी बसल्या. पावसाळा नुकताच सरलेला, लाकडं ओली. पेटेनात. मामी फुंकताहेत, धूर होतोय, पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून मागे सरकताहेत. वेळ काढायला मी तीनदा वाघ बघून पळालो, शेवटी तर कुणी मान वळवूनही बघेना. मामी खोकायला लागल्या आणि खोकतच राहिल्या. तेवढ्यात भिंतीतली खिडकी उघडली. पलीकडून आधी एक हात आला, हातात मोठी वाफाळती किटली, आणि मागोमाग वकीलीणबाईंचा आवाज, "मामी, घ्या पटकन. आणि तुमचा गॅस संपत आलाय, उद्या नंबर लावा."

मला वाटलं, संपलं, आता मामा गॅस उचलून फेकून देणार. मामा किटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली, किटली घेतली आणि एकेका बाईच्या कपात चहा ओतायला लागले. धुराच्या मंद वासाबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत. बायकांनी चहा घेतला, फार छान झाला म्हणाल्या, आणि घर दाखवल्याबद्दल मामींना कुंकू लावून निघून गेल्या. घरात आम्ही चौघं उरलो. मामी चुलीपाशीच बसून होत्या. गॅस परत करायचा असला तर करा, असं त्या आधी म्हणाल्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मामांकडे सरळ बघत म्हणाल्या, "तुमच्या त्या बाईला पाच वाजता सुट्टी होती. मोटारीत बसून ती आपल्या घरी गेली. मी कुठं जाऊ? माझं घरच हे."

मामा खाली फरशीवर बसले. बोलले तेव्हा 'तेव्हा इथं' म्हणाले नाहीत. "ती बाई नवऱ्याची खोटीखोटी वाट बघत होती," ते म्हणाले, "तर माणसं येऊन तिच्याकडे बघत उभी राहायची. फार सोसलंत म्हणायची. आणि तू इथं कंदील घेऊन खरी वाट बघायचीस. मी यायचो, थाळी वाजवायचो आणि पानावर बसायचो. तुझ्याकडे कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही. म्हटलं, आता तरी चार लोकांनी बघावं." मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. यावेळी त्याचा अर्थ मामांनाही लागेना. मग त्या म्हणाल्या, लोकांचं काय करायचंय मला, तुम्ही बघितलंत ना, झालं तर. आणि उठून त्यांनी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. चुलीचा चर्र असा आवाज झाला आणि माझी बायको, जी तोवर श्वास रोखून उभी होती, ती एकदम हसायलाच लागली.

त्यानंतरचा तासभर म्हणजे परीक्षा संपलेल्या शाळेसारखा होता. मामा आणि मी शेजारी जाऊन सिलिंडर उचलून आणला. वकीलीणबाई मागून शेगडी घेऊन आल्या, घाबरून निम्म्या झाल्या होत्या, मामांनी त्यांना नमस्कार केला तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. नळाचं गोणपाट सोडलं. दिवे लावले. मी मुंडासं काढून फेकलं. मामा म्हणाले, आता चहा मी करतो. आणि तिथं असा शोध लागला की ज्या माणसानं सबंध मुलुंडला चुलीचं माहात्म्य सांगितलं, त्यानं जन्मात कधी चूलही पेटवली नव्हती, स्टोव्हही नाही आणि गॅस तर नाहीच. काडी आधी ओढायची की खटका आधी फिरवायचा, यावर त्यांनी आम्हाला विचारात पाडलं. काडी बोटापर्यंत जळत आली तरी ते खटका शोधत होते. मामी ओट्याशी उभ्या राहून 'डावीकडं, अहो, डावीकडं' असं सांगत होत्या आणि हसताना त्यांना पुन्हा खोकला येत होता. तो चहा पांचट झाला होता. आम्ही सगळ्यांनी दोनदोन कप घेतले.

दसऱ्याला पाटी उतरली. वसाहतीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझा रविवार मला परत मिळाला. मामांची सवय काही पूर्ण गेली नाही. कोणी भेटलं की ते 'तेव्हा इथं' म्हणून सुरुवात करायचे, पण मधेच थांबून 'हिला विचारा' म्हणायचे आणि स्वतः ऐकायला बसायचे. मामी सांगायला लागल्यावर इतिहास बराच बदलला. साप मामांच्या सांगण्याच्या निम्म्यानं उरले आणि पावसाचे दिवस दुपटीनं वाढले. बिबळ्याच्या बाबतीत तर मामींनी असं सांगितलं की तो वकिलांच्या गाईचा पांढऱ्या ठिपक्यांचा खोंड होता, पेरूच्या झाडाला बांधलेला, आणि हे त्याच रात्री सगळ्या बायकांना माहीत होतं. पुरुषांचा हिरमोड नको म्हणून कुणी बोललं नाही. म्हणजे मी इतके रविवार एका वासराला भिऊन पळत होतो. मामांनी हे ऐकलं तेव्हा ते माझ्याकडे बघून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता मामा नाहीत. मामी त्यांच्या मागोमाग दोन-तीन वर्षांनी गेल्या. जोडघराच्या जागी इमारत आहे, आणि मुलुंडला कोण आधी आलं याची चौकशी करायला कुणाला सवड नाही. परवा सकाळी बायको चहा ठेवत होती. मी नेहमी पेपर घेऊन बाहेर बसतो, त्या दिवशी का कोण जाणे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिनं काडी ओढली, खटका फिरवला, आधण ठेवलं. काय हवंय, तिनं विचारलं. काही नको, म्हटलं. मग उभे का? बघतोय, म्हटलं. तिनं पाठ फिरवली, गॅस बारीक केला आणि पदरानं डोळे पुसले. गॅसचा तर काही धूर होत नाही.